टी-मूल्याची बखर : नांदेड-लातूरच्या प्रबंधांविषयी एक तक्रार

१/
इतिहासाच्या धाग्यात संख्याशास्त्र कशाला, असा प्रश्न पडलेल्या मित्रांनी थोडा धीर धरावा. राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला, तेव्हा त्यांचे भांडण बखरींशी होते. बखर निकाल सांगते, पुरावा दाखवत नाही. मूळ पत्र समोर ठेवा, मग बोला, असा त्यांचा हट्ट होता. आपल्या नांदेड आणि लातूर जिल्ह्यांत गेली कित्येक वर्षे एक नवी बखर लिहिली जात आहे, आणि तिला आपण शास्त्र म्हणतो. ती मानसशास्त्राच्या प्रबंधांत असते व तिचे सगळे निकाल एकाच साच्याचे असतात.

२/
साचा असा. शंभर ग्रामीण विद्यार्थी, शंभर शहरी विद्यार्थी. आत्मविश्वास, समायोजन, चिंता, बुद्धिमत्ता यांपैकी काहीतरी मोजायचे. दोन मध्यमाने, दोन प्रमाण विचलने, एक टी-मूल्य. शेवटी निष्कर्ष : "०.०५ स्तरावर सार्थक फरक आढळला, म्हणून शून्य गृहीतकाचा त्याग करण्यात येत आहे." पुढच्या प्रबंधात मुले आणि मुली. त्यापुढच्यात कला शाखा आणि विज्ञान शाखा. गट बदलतात, वाक्य बदलत नाही.

३/
मी स्वतः एका मौखिक परीक्षेला बसलो होतो. उमेदवाराला विचारले, हीच चाचणी का निवडली? उत्तर आले, "सर, दोन गट होते, म्हणून टी. तीन असते तर एफ लावला असता." सभागृहात कोणाच्याही चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. गटांची संख्या मोजून चाचणी निवडणे म्हणजे पानांची संख्या मोजून कागद अस्सल ठरवणे. माझी तक्रार त्या उमेदवाराविरुद्ध नाही. त्याला जे शिकवले तेच तो बोलला. तक्रार आहे ती हे तंत्र इतिहासाशिवाय शिकवणाऱ्या पद्धतीविरुद्ध.

४/
म्हणून आधी इतिहास. विल्यम गॉसेट हा डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यातला रसायनज्ञ. जवाचे, हॉप्सचे, यीस्टचे थोडेच नमुने हाती असत आणि त्यांवरून निर्णय घ्यावा लागे. कारखान्याला आपल्या माणसांनी नावानिशी लिहिलेले चालत नसे. म्हणून १९०८ मध्ये 'बायोमेट्रिका' नियतकालिकातला त्याचा निबंध 'स्टुडंट' या टोपणनावाने आला. विद्यार्थ्यांना आज जी 'स्टुडंट्स टी' म्हणून पाठ करावी लागते, ती एका दारूभट्टीतल्या माणसाची. (हे वर्गात सांगितले की मुले पहिल्यांदाच मान वर करतात, असा अनुभव आहे.)

५/
त्या निबंधातले पहिले उदाहरण मात्र बिअरचे नव्हते. अमेरिकेत कलामझू येथील मनोरुग्णालयातल्या दहा रुग्णांचे होते. झोपेची दोन औषधे, दोन्ही त्याच दहा जणांना दिलेली, आणि कोणत्या औषधाने झोप किती तास वाढली याची नोंद. म्हणजे टी-चाचणीच्या जन्मपत्रिकेतच मनोरुग्ण आणि मध्यमानांची तुलना आहे. हीच दहा माणसे आज 'आर' नावाच्या संगणक प्रणालीत सरावाची सामग्री म्हणून मिळतात. कोणीही गणित करून पाहावे.

६/
आता गंमत पाहा. माणसे तीच आहेत हे लक्षात ठेवून जोडीची चाचणी लावली, तर असा फरक निव्वळ योगायोगाने येण्याची संभाव्यता ०.००३ च्याही आत येते. तेच आकडे दोन वेगळ्या गटांचे समजून स्वतंत्र गटांची चाचणी लावली, तर ती ०.०७९ होते आणि आपला संशोधक लिहितो, "सार्थक फरक आढळला नाही." आकडे तेच, मध्यमाने तीच, निकाल उलटा. फरक पडला तो एका ऐतिहासिक वस्तुस्थितीने : आकडे कोणाकडून आणि कसे आले. समुपदेशनापूर्वी आणि समुपदेशनानंतर त्याच चाळीस मुलींना मोजून, त्या जणू ऐंशी वेगवेगळ्या मुली होत्या असे गणित मांडलेले प्रबंध मी पाहिले आहेत. मुलीच्या नावापुढच्या दोन आकड्यांचा धागा कोणीतरी तोडून टाकलेला असतो.

७/
दुसरा माणूस रोनाल्ड फिशर. १९१९ पासून इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड या शेतीसंशोधन केंद्रात. १९२५ च्या त्याच्या पुस्तकाने टी, एफ आणि ०.०५ हे तिघे जगभर पोहोचले. पण फिशरच्या चाचणीमागे एक कृती होती, ती आपण प्रवासात गमावली. शेताचे तुकडे पाडायचे आणि कोणत्या तुकड्याला कोणते खत, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. चिठ्ठी टाकली म्हणून फरकाचे श्रेय खताला देता येते. नांदेडच्या मुलाला ग्रामीण आणि त्याच्या चुलतभावाला शहरी कोणी चिठ्ठी टाकून केले? आणि ते ०.०५? फिशरने ते सोयीचे म्हणून वापरले होते. पुढे १९५६ मध्ये त्यानेच लिहिले की कोणताही शास्त्रज्ञ दरवर्षी, प्रत्येक प्रश्नाला एकच ठरावीक पातळी लावून गृहीतके फेटाळत बसत नाही. आपण बसतो.

८/
आणि आता तिसरा माणूस, ज्याच्यासाठी हा धागा लिहायला घेतला.

मानसशास्त्राच्या जुन्या विभागाच्या कपाटात एक जाड पुस्तक हमखास मिळते : हेन्री गॅरेट, 'स्टॅटिस्टिक्स इन सायकॉलॉजी अँड एज्युकेशन'. पहिली आवृत्ती १९२६ ची. मुंबईच्या वकील्स, फेफर अँड सायमन्सने त्याची भारतीय आवृत्ती काढली आणि भारतातल्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी त्यावरून मध्यमान, प्रमाण विचलन आणि टी शिकले. मीही त्यावरच शिकलो. माझ्या प्रतीची पाठ निघाली आहे. पुस्तक स्पष्ट, सोडवलेल्या उदाहरणांनी भरलेले, परीक्षेला उपयुक्त. हे सगळे कबूल.

९/
हा गॅरेट कोण? जन्म १८९४, अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात. कोलंबिया विद्यापीठातील मानसशास्त्र विभागाचा प्रमुख. १९४६ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचा अध्यक्ष. आणि १९५२ मध्ये रिचमंडच्या न्यायालयात, गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्याच ठेवाव्यात या बाजूने साक्ष देणारा तज्ज्ञ. प्रिन्स एडवर्ड परगण्यातल्या काळ्या विद्यार्थ्यांनी आपल्या शाळेच्या दुरवस्थेविरुद्ध लढवलेला तो खटला. पुढे निवृत्तीनंतर त्याने समतेला 'मताग्रह' ठरवणारा लेख १९६१ मध्ये लिहिला आणि वंशश्रेष्ठत्वाच्या पुस्तिका शाळाशिक्षकांपर्यंत पोहोचवल्या. त्याचे हत्यार कोणते? गोऱ्यांचे मध्यमान, काळ्यांचे मध्यमान, आणि त्यांतला सार्थक फरक.

१०/
त्या खटल्यात गॅरेटच्या म्हणण्याचे खंडन करायला कोण उभे राहिले, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसते. मेमी फिप्स क्लार्क. गॅरेटच्याच मार्गदर्शनाखाली १९४३ मध्ये कोलंबियातून डॉक्टरेट घेतलेल्या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ. मार्गदर्शकाने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात मांडलेले त्याच्याच विद्यार्थिनीने त्याच पिंजऱ्यात खोडून काढले. रिचमंडचे न्यायालय तरीही विभक्त शाळांच्याच बाजूने गेले. खटला वर गेला, इतर चार खटल्यांबरोबर जोडला गेला, आणि १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विभक्त शाळा घटनाबाह्य ठरवल्या.

११/
गॅरेटचे गणित चुकले होते का? नाही, आणि मुद्दा नेमका तोच आहे. त्याच कोलंबियात त्याचा सहकारी होता ऑटो क्लाइनबर्ग. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या बुद्धिमापनाचे आकडे त्याने वेगळ्या रेषेने विभागले. उत्तरेकडच्या काही राज्यांतल्या काळ्या सैनिकांचे सरासरी गुण दक्षिणेकडच्या काही राज्यांतल्या गोऱ्या सैनिकांपेक्षा जास्त निघाले. रेषा कातडीवर ओढली की वंश दिसतो, शाळांच्या अवस्थेवर ओढली की शाळा दिसते. ही रेषा टी-चाचणी ओढत नाही. ती संशोधक ओढतो, बहुधा स्वतःच्या बालपणात शिकलेल्या जागी.

१२/
इथे एक घाईचा निष्कर्ष टाळायला हवा. गॅरेट वंशवादी होता म्हणून त्याची सूत्रे वंशवादी, असे म्हणणे भाबडेपणाचे आहे. फिशर आणि कार्ल पिअर्सन हे दोघेही सुप्रजननवादी होते. प्रमाण विचलनाला जात नसते. पण 'तंत्र निरागस आहे, प्रश्न विचारू नका' हा दुसरा भाबडेपणा आहे आणि आपल्याकडे राज्य त्याचे आहे.

१३/
आपल्याकडे याला उत्तर देणारी परंपरा नव्हती, असेही नाही. इरावती कर्वे १९२७ मध्ये बर्लिनला गेल्या, ऑयगन फिशर या वंशशास्त्रज्ञाच्या संस्थेत. मार्गदर्शकाचे गृहीतक असे की गोऱ्या युरोपीयांच्या कवट्या इतरांपेक्षा अधिक असममित असतात आणि त्यातच त्यांच्या बुद्धीचे मूळ आहे. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि लिहिले की वंशाचा आणि या असममितीचा संबंध दिसत नाही. परदेशात, परक्या भाषेत, पदवी ज्याच्या हाती त्याच्याच गृहीतकाविरुद्ध. 'फरक आढळला नाही' हे वाक्य आपल्या प्रबंधांत अपयशासारखे लिहिले जाते. त्या बाईंनी ते ताठ मानेने लिहिले. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून १९५१ मध्ये त्यांनी वि. म. दांडेकरांच्या सोबतीने महाराष्ट्राच्या मानवमितीचा ग्रंथ प्रसिद्ध केला. मोजमाप करणारी एक, संख्याशास्त्र जाणणारा दुसरा. मानसशास्त्राच्या विभागाने संख्याशास्त्राच्या विभागाचा दरवाजा ठोठावल्याची उदाहरणे आपल्याकडे किती, हे ज्याने त्याने आपल्या महाविद्यालयात पाहावे.

१४/
आता घरचा योगायोग. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ नांदेडला १९९४ मध्ये १७ सप्टेंबर या मुक्तिदिनी स्थापन झाले. पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य, 'लातूर पॅटर्न'शी ज्यांचे नाव जोडले जाते ते. पण त्यांची आणखी एक ओळख आहे : अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे साहित्य आणि संस्कृती मराठीत आणणारा अभ्यासक. ज्या विद्यापीठाचा पहिला कुलगुरू हा, त्याच्या परिसरात गॅरेटवरून मध्यमान शिकावे आणि गॅरेटने त्या मध्यमानाचे काय केले हे कोणाला ठाऊक नसावे, याला काय म्हणावे?

१५/
"आम्ही वंशाची तुलना करत नाही," असे उत्तर येईल. खरे आहे. आपण ग्रामीण-शहरी करतो. पण नांदेडच्या मध्यमानात कोणता इतिहास साठला आहे, ते पाहा. पुण्यात फर्ग्युसन १८८५ चे. मुंबई विद्यापीठ १८५७ चे. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. राज्यकारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. नांदेडचे पीपल्स कॉलेज १९५० चे, लातूरचे दयानंद महाविद्यालय १९६१ चे, औरंगाबादचे विद्यापीठ १९५८ चे. औशाच्या मुलाचा 'शैक्षणिक आत्मविश्वास' पुण्याच्या मुलाहून तीन गुणांनी कमी आला, तर त्या तीन गुणांत औशाची माती किती आणि हा कालक्रम किती, हे टी सांगत नाही. प्रबंध मात्र सांगतो : "ग्रामीण विद्यार्थ्यांत आत्मविश्वास कमी असतो." 'आढळला' या क्रियापदाचे 'असतो' कधी झाले, ते कळतही नाही.

१६/
त्यात मोजपट्टीचा प्रश्न. पुष्कळशा चाचण्या हिंदीत घडवलेल्या, आग्र्याहून मागवलेल्या. वर्गात बसून कोणीतरी त्यांचे मराठी करतो. लातूरच्या गावभागातल्या आणि खेड्यातल्या मुलाला ते पुस्तकी मराठी सारखेच कळते का? कळत नसेल, तर मध्यमानांतला फरक आत्मविश्वासाचा नसून शब्दांचा असू शकतो. आधी मोजपट्टी दोन्हीकडे सारखी आहे हे तपासायचे, मग लांबी मोजायची. सुतारालाही हे सांगावे लागत नाही.

१७/
'सार्थक' या शब्दाने फार अनर्थ केला आहे. समजा, दोन्ही गटांत चारचारशे मुले, प्रमाण विचलन १० आणि मध्यमानांत फरक दीड गुणाचा. टी येतो २.१२. सार्थक! आता त्या दोन्ही गटांतून एकेक मूल डोळे मिटून उचला. गुणांची विभागणी नेहमीच्या घंटेच्या आकाराची असेल, तर शंभरपैकी सुमारे ५४ वेळा शहरी मूल पुढे असेल आणि ४६ वेळा ग्रामीण. दोन वक्रांचा ९४ टक्के भाग एकमेकांवर पडलेला. या फरकावर धोरण सुचवणारे, 'ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी विशेष शिबिरे' मागणारे शेवटचे प्रकरण लिहिले जाते. फरकाचे परिमाण सांगा, असे जेकब कोहेन १९६० च्या दशकापासून कानीकपाळी ओरडत होता.

१८/
उलट टोकाचा दोष : चाचण्यांचा पाऊस. तीन गट, सहा उपघटक, प्रत्येक जोडीला स्वतंत्र टी. झाल्या अठरा चाचण्या. कुठेही काहीही फरक नसताना, चाचण्या परस्परांपासून स्वतंत्र धरल्या तर, किमान एक तरी 'सार्थक' निघण्याची शक्यता ६० टक्के. मग त्या एकाच तक्त्यावर प्रबंधाचे शीर्षक. तीन गटांना आधी एकत्र प्रचरण विश्लेषण आणि मग बेताने जोड्या, हा नियम एवढ्यासाठी आहे. परीक्षकाला जाड प्रकरण दिसावे म्हणून नव्हे.

१९/
प्रमाण विचलने असमान असतील तर? बर्नार्ड वेल्चने १९४७ मध्ये उपाय दिला. संगणकाच्या तक्त्यात दोन ओळी छापून येतात, वरची समान प्रचरणाची, खालची असमान प्रचरणाची. आपल्याकडे वरची ओळ उतरवली जाते, कारण ती वर असते. आकडे एका बाजूला कललेले असतील, नमुना छोटा असेल, तर त्याच १९४७ सालची मान-व्हिटनी चाचणी आहे, तीन गटांना १९५२ ची क्रुस्कल-वॉलिस. फक्त त्या मध्यमानांची तुलना करत नाहीत, क्रमांकांची करतात. म्हणून निष्कर्षात पुन्हा 'मध्यमान' हा शब्द घालू नये.

२०/
हे सगळे पुस्तकी वाटत असेल, तर किल्लारीला चला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. गणेश विसर्जनाची रात्र सरत होती. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत जवळपास आठ हजार माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली. ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. इतर असंख्य गावांत जागच्या जागी दुरुस्ती. वाचलेल्यांच्या मनाचे काय झाले, याचा अभ्यास लगेच सुरू झाला. १९९६ मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ सायकिअ‍ॅट्री'त प्राथमिक अहवालही आला. तेव्हापासून 'पुनर्वसित आणि अपुनर्वसित' ही जोडी आपल्याकडच्या संशोधकांना खुणावत आली आहे.

२१/
समजा, एका पुनर्वसित गावातले शंभर आणि एका जागच्या जागी राहिलेल्या गावातले शंभर लोक घेतले. नेहमीचा टी म्हणतो, आपल्याकडे दोनशे स्वतंत्र साक्षी आहेत. आहेत का? एका गावातल्या शंभर जणांनी एकच पहाट पाहिली, एकाच पत्र्याच्या निवाऱ्यात काही काळ काढला, एकमेकांची सुतके धरली. गावातल्या माणसांच्या उत्तरांत अवघे ०.०५ इतके साम्य धरले, तरी दोनशे साक्षींचे वजन सुमारे ३४ स्वतंत्र साक्षींइतके उरते. खरे तर त्याहून वाईट : गावे दोनच असल्यामुळे गावाचा परिणाम आणि पुनर्वसनाचा परिणाम वेगळे काढण्याचा मार्गच राहत नाही. इतिहासाचा विद्यार्थी हे ओळखतो. एका बखरीच्या शंभर नकला म्हणजे शंभर पुरावे नव्हेत.

२२/
त्यात निवडीचा प्रश्न. पुनर्वसनासाठी गावे चिठ्ठ्या टाकून निवडली नव्हती. जिथे पडझड सर्वांत जास्त, तिथे पूर्ण स्थलांतर. म्हणजे नव्या गावात दुःख जास्त आढळले, तर ते नव्या चौकोनी आखणीमुळे, की ज्यांचे जास्त गेले तेच तिथे राहतात म्हणून? मध्यमानांची तुलना याचे उत्तर देत नाही. पण त्या तुलनेवरून 'स्थलांतराने मानसिक आरोग्य बिघडते' असे लिहिले, तर पुढच्या आपत्तीत कोणाच्या तरी टेबलावर ते वाक्य पोहोचते आणि कोणाचे तरी गाव त्यावर हलते किंवा हलत नाही.

२३/
मार्ग आहेत. कमी लोक, पण जास्त गावे घ्यावीत. गाव हाच एकक मानून किंवा बहुस्तरीय प्रतिमान वापरून विश्लेषण करावे. भूकंपात कुटुंबातले किती गेले, हे नोंदवून गणितात घ्यावे. आणि प्रश्न गोळा करण्याआधी लिहून ठेवावा, आकडे पाहून नव्हे. यातले काहीही नांदेडच्या संशोधकाच्या आवाक्याबाहेर नाही. 'आर' फुकट मिळते.

२४/
शेवटी राजवाड्यांकडे. बांधीव प्रबंध ग्रंथालयात राहतो, आता शोधगंगेवरही चढतो. त्यात मध्यमान असते, टी असतो. मूळ उत्तरपत्रिका कुठे असतात? एका विभागाच्या जिन्याखाली मी त्यांचे गठ्ठे पाहिले होते, सुतळीने बांधलेले. पुढच्या दिवाळीनंतर गेलो तेव्हा जागा रिकामी होती. रद्दीवाला आला होता, असे शिपायाने सांगितले. किल्लारीच्या परिसरात १९९३ नंतर भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांपैकी किती उरल्या असतील? त्या असत्या, तर आज कोणीही बसून गावनिहाय मांडणी करू शकला असता, जोड्या जुळवू शकला असता, जुना निकाल तपासू शकला असता. दप्तर गेले, बखर राहिली.

२५/
तेव्हा विनंती एवढीच. तुमच्या घरी, आईवडिलांच्या किंवा काका-मावशीच्या जुन्या ट्रंकेत मानसशास्त्राच्या एम.फिल.-पीएच.डी.च्या भरलेल्या प्रश्नावल्या असतील, विशेषतः लातूर-धाराशिव पट्ट्यातल्या, तर टाकू नका. उत्तर देणाऱ्यांची नावे झाका, गावाचे नाव आणि तारीख राहू द्या, पाने स्कॅन करा. आणि ज्यांचा प्रबंध सध्या चालू आहे त्यांनी आपली कच्ची सामग्री, निनावी करून, प्रबंधाला परिशिष्ट म्हणून जोडता येईल का, हे या आठवड्यात मार्गदर्शकांना विचारावे.